सायकलस्वाराचा चातुर्मास

बारा महिने शर्यतीत उतरणाऱ्या मुलाचे आमच्याकडे फार कौतुक होते. "आमचा पोरगा एक रविवार सोडत नाही," असे त्याचे वडील चारचौघांत सांगतात. शाळेचे मुख्याध्यापक त्याच्या पदकांचे छायाचित्र भिंतीवर लावतात. आणि त्याचा प्रशिक्षक वर्षअखेर त्याच्या शर्यतींची बेरीज करून दाखवतो. मला या मुलाचे कौतुक वाटत नाही, त्याची काळजी वाटते. आणि ज्यांनी त्याला असे बारमाही पळवत ठेवले आहे त्यांचा, स्पष्टच बोलायचे तर, रागही येतो. दसरा होऊन गेला आहे. डोंगरावरचे गवत पिवळे पडू लागले आहे, वाटा वाळल्या आहेत, आणि डोंगरी सायकलींच्या शर्यतींचा आमच्याकडचा खरा हंगाम आता सुरू होईल. हंगामाच्या तोंडावर, हंगाम नसतानाच्या महिन्यांचा विचार करण्याची आपल्याकडे रीत नाही. ती पाडावी म्हणून हा लेख.

मी या सायकलीवर पुष्कळ वर्षे शर्यती खेळलो आहे आणि आता काही मुलामुलींचा सराव घेतो, एवढाच माझा अधिकार. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: शर्यत नसलेले महिने ही खेळाडूची स्वतःची मालमत्ता आहे. प्रमाणपत्रासाठी, प्रवेशशुल्कासाठी किंवा टाळ्यांसाठी ती त्याच्याकडून काढून घेण्याचा अधिकार ना पालकाला आहे, ना संयोजकाला, ना प्रशिक्षकाला.

ज्या वाचकांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. डोंगरी सायकल, किंवा सर्वजण म्हणतात तशी माउंटन बाइक, ही अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात जन्मली. तेथे टॅमलपाइस नावाचा एक डोंगर आहे. त्या भागातली काही तरुण मंडळी जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन तेथल्या कच्च्या वाटांवरून खाली सुटत. १९७६ साली त्यांनी तेथल्या एका उतारावर घड्याळ लावून शर्यत सुरू केली आणि तिला 'रीपॅक' असे नाव पडले. हे नाव पडण्याचे कारण मोठे बोलके आहे. त्या सायकलींना पायडल मागे दाबून लावायचा ब्रेक असे. एकदा तो उतार उतरले की ब्रेकच्या उष्णतेने मागच्या हबमधले ग्रीस जळून जाई, आणि पुन्हा उतरायचे तर हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. त्या भरण्यावरून शर्यतीचे नाव 'रीपॅक'. म्हणजे या खेळातल्या पहिल्या नामांकित शर्यतीचे नावच मुळी डागडुजीवरून पडलेले आहे. एक उतार, की एक ओव्हरहॉलिंग! लोखंडाच्या हबला जे कळले ते हाडामांसाच्या मुलाच्या बाबतीत आम्हाला अजून कळायचे आहे.

१९७७ साली जो ब्रीझ याने अशा वाटांसाठी मुद्दाम सायकल बांधली, १९९० साली कोलोरॅडोतल्या डुरँगो येथे अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ साली अटलांटा येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. ऑलिंपिकमधली ही क्रॉस-कंट्री शर्यत वरिष्ठ गटासाठी साधारण एक तास वीस मिनिटे ते एक तास चाळीस मिनिटे चालते. ऐकताना हा वेळ थोडा वाटतो. परंतु शिट्टी वाजल्यापासून छातीचे ठोके जे वर चढतात ते शेवटपर्यंत फारसे खाली येत नाहीत; कारण चढावर पाय जळतात आणि उतारावर, जेथे पायांना विसावा मिळावा, तेथे दगड, मुळे आणि कडे यांवरून सायकल सांभाळताना हात, खांदे आणि कंबर कामाला लागतात. शिवाय डोके एक क्षण रिकामे ठेवता येत नाही. रस्त्यावरच्या शर्यतीत घोळक्यात लपून दम घेता येतो. डोंगरावर तशी सोय जवळजवळ नाही. अशी शर्यत दर पंधरवड्याला, बारा महिने, एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाकडून करवून घेणे याला मी सराव म्हणायला तयार नाही.

शरीर तयार कसे होते, हे समजून न घेता तयारी करवणारे प्रशिक्षक आमच्याकडे थोडे नाहीत. श्रमाने शरीर बलवान होत नाही. श्रमाने ते मोडते. श्रमानंतरच्या झोपेत, अन्नात आणि विसाव्यात ते पूर्वीपेक्षा थोडे अधिक बांधले जाते. हा हिशोब दिवसाचा आहे, आठवड्याचा आहे, तसाच वर्षाचाही आहे. सोव्हिएत रशियातल्या लेव मात्वेयेव्ह यांनी १९६० नंतरच्या दशकात वार्षिक सरावाची जी मांडणी केली, तीत वर्षाचे तीन भाग आहेत: तयारीचा काळ, शर्यतींचा काळ, आणि या दोहोंना सांधणारा संक्रमणाचा काळ. पुढे अनेकांनी त्या मांडणीवर टीका केली, तिच्यात फेरफार केले. परंतु तिसरा भाग अजिबात काढून टाका असे म्हणणारा जाणता माणूस माझ्या पाहण्यात नाही. आमच्याकडे तो काढून टाकण्यासाठी कोणाला सिद्धान्त मांडावा लागला नाही. वेळापत्रकात एक शर्यत आणखी घातली, की तो आपोआप नाहीसा होतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: "विश्रांती घेतली तर कमावलेले सगळे जाईल." हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. अमेरिकेत एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सात कसलेल्या खेळाडूंचा सराव पूर्णपणे थांबवून त्यांची मोजमापे घेतली होती. प्राणवायू वापरण्याची त्यांची कमाल क्षमता २१ दिवसांत सुमारे ७ टक्के उतरली, आणि ५६ दिवसांनंतर मूळच्या पेक्षा १६ टक्के खाली येऊन तेथे स्थिरावली. म्हणजे उतार आहे, आणि तो लवकर सुरू होतो. पण त्याच अभ्यासात असेही दिसले की ८४ दिवस स्वस्थ राहिल्यावरही या खेळाडूंची क्षमता, ज्यांनी असा सराव कधीच केला नव्हता त्यांच्यापेक्षा वरच राहिली. आणि तीन महिने हातपाय न हलवता बसा असे सांगतो आहे कोण? दोन-तीन आठवड्यांचा पूर्ण विसावा आणि पुढे हलकी, शर्यतीविना तयारी, एवढीच मागणी आहे. त्या विसाव्यात गेलेले काही टक्के तयारीच्या महिन्यांत परत मिळवता येतात. परंतु विसावा न घेता वर्षानुवर्षे दामटलेले शरीर एकदा बसले, की त्याचा हिशोब आठवड्यांत होत नाही. युरोप आणि अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या दोन मोठ्या संस्थांनी २०१३ साली संयुक्तपणे जे मत मांडले त्यात अतिसरावाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिल्या पायरीवरून माणूस काही दिवसांत वा आठवड्यांत सावरतो. अखेरच्या पायरीवर पोहोचलेल्याला महिनोन्‌महिने लागतात. सात टक्क्यांच्या भीतीने आपण मुलाला या अखेरच्या पायरीकडे ढकलत आहोत.

वस्तुतः ही गोष्ट मराठी माणसाला परक्याने शिकवण्याची गरज पडू नये. शास्त्राचा चातुर्मास आषाढी एकादशीला बसून कार्तिकी एकादशीला उठतो. आमच्या लष्कराचा चातुर्मास दसऱ्याला उठत असे. पावसाळ्यात नद्या भरत, वाटा बंद होत, म्हणून फौजा छावणीला जात आणि सीमोल्लंघन करून पुन्हा मुलूखगिरीवर निघत. छावणी म्हणजे आळस नव्हे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या मुलखात छावणीला राहिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. गवताच्या काडीला धक्का न लावण्याची ताकीद म्हणून ते आपण भाषणांतून ऐकतो. पण त्यातला घोड्यांचा हिशोब आपण सोडून देतो. साठवलेला दाणा आणि वैरण आता हवी तशी उधळाल तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि मग ती तुम्हीच मारली असे होईल, हा त्या ताकिदीचा मतितार्थ आहे. ज्याला दसऱ्यानंतर शेकडो कोस दौड करायची होती, तो राजा आषाढातल्या वैरणीची चिंता करीत होता. आमचे प्रशिक्षक मात्र आषाढातच घोडे दौडवतात आणि दसऱ्याला ते का लंगडते म्हणून चाबूक उगारतात!

तालमीतल्या वस्तादांनाही हे कळत होते. गावोगावच्या जत्रांचे फड संपले आणि पाऊस लागला, की पैलवान आखाड्याची माती उकरीत, जोर-बैठका वाढवीत, अंग धरीत. जत्रेच्या कुस्तीची हाव धरून पावसाळ्यात अंग खर्ची घालणाऱ्या पोराला वस्ताद शहाणा म्हणत नसे. सायकल परदेशातून आली म्हणून हे शहाणपण येथे आपल्या उपयोगाचे नाही, असे आपण का समजून बसलो?

याचे कारण मला एका मुलाच्या वडिलांनी सांगितले. मुळशीकडचे गृहस्थ, भातशेती करणारे. मुलगा नववीत, अंगाने काटक आणि उतारावर निर्भय. जूनमध्ये ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही पोराला चार महिने शर्यत नाही म्हणालात. शेजारचा पोरगा जुलैत दोन खेळतोय. आमचा मागं पडंल की."

मी म्हटले, "दादा, तुमचं खाचर उन्हाळ्यात काय करतं?"

"काय करणार? तापतं. आम्ही राब भाजतो."

"मग तेव्हा त्यात भात का नाही लावत?"

ते हसले. त्यांना मुद्दा कळला होता. माझ्यापेक्षा अधिक कळला होता. पण जाताना जोड्यात पाय घालता घालता म्हणाले, "शेताला सर्टिफिकेट लागत नाही, सर."

या एका वाक्यात आमच्या क्रीडाक्षेत्राचे सगळे दुखणे आले. महाराष्ट्रात दहावी-बारावीच्या परीक्षेत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. या दोन्ही सोयी चांगल्या हेतूने केलेल्या आहेत आणि त्या काढून घ्याव्यात असे मी म्हणणार नाही. खाचरावर पोट असलेल्या घरातल्या मुलाला सायकलवरून नोकरीपर्यंत जाता येत असेल, तर त्याला नाक मुरडणारा मी कोण? पण या सोयींभोवती जो बाजार उभा राहिला आहे त्याला नाक मुरडलेच पाहिजे. कोणते प्रमाणपत्र उपयोगाचे आणि कोणते निव्वळ चौकटीत लावण्याचे, हे पालकांना नीट ठाऊक नसते. म्हणून ते मिळेल ते गोळा करतात. आणि ते गोळा करतात म्हणून संयोजक शर्यती भरवतात. प्रवेशशुल्क घ्यायचे, एक सदरा द्यायचा, पूर्ण करील त्या प्रत्येकाच्या गळ्यात पदक घालायचे, की झाली स्पर्धा. पावसाळ्यात तर हिरव्या डोंगराची छायाचित्रे चांगली येतात म्हणून हा उद्योग अधिकच जोरात चालतो. त्यातल्या बहुतेक शर्यतींचा मुलाच्या गुणांशी वा नोकरीशी काडीचा संबंध नसतो. त्याचे पाय तेवढे खर्च होतात.

या पावसाळी शर्यतींनी दुसरेही एक नुकसान होते, आणि ते डोंगराचे असल्यामुळे त्याची तक्रार करायला कोणी येत नाही. भिजलेल्या पायवाटेवर शेदोनशे सायकली एकाच रेषेत गेल्या, की टायरची चाकोरी पडते. पुढच्या सरीचे पाणी त्या चाकोरीतून धावते, माती घेऊन जाते आणि चाकोरीची घळ होते. सायकलस्वार मग घळ टाळून बाजूच्या गवतावरून वाट काढतात आणि तेथे नवी चाकोरी पडते. दोन-तीन पावसाळ्यांत पाऊलवाटेचा गाडीरस्ता होतो आणि मुरूम उघडा पडतो. ज्या वाटेवर दिवाळीनंतर चार महिने सराव करायचा, ती श्रावणात एका सकाळी नासून ठेवायची, हा कुठला व्यवहार? डोंगरालाही चातुर्मास हवा आहे. त्याचा आणि सायकलस्वाराचा चातुर्मास एकाच वेळी यावा, इतकी सोय निसर्गाने आमच्यासाठी करून ठेवली असता ती आम्ही पायाने लाथाडतो.

ही सोय आमच्या ध्यानात येत नाही याचे एक कारण असे, की आम्ही सरावाचे पंचांगच परदेशातून आणले आहे. युरोपात आणि उत्तर अमेरिकेत डोंगरी शर्यतींचा हंगाम साधारण वसंतात सुरू होतो आणि शरदात संपतो. पुढे बर्फ पडते आणि माणूस आपोआप घरी बसतो. तेथले पुस्तक म्हणून नोव्हेंबरात विश्रांती सांगते आणि जून-जुलैत शिखर गाठायला सांगते. आमचा मुलगा ते पुस्तक जसेच्या तसे उचलतो. मग जुलैत, सह्याद्रीवर पाऊस कोसळत असताना, तो शिखर गाठण्याचे कठोर सराव करतो. आणि नोव्हेंबरात, पुस्तकाप्रमाणे विसाव्याची वेळ येते तेव्हा, घराजवळच्या शर्यती सुरू झालेल्या असतात, म्हणून त्याही खेळतो. दोन देशांची पंचांगे एकाच अंगावर पाळायची आणि दोहोंतले सुट्टीचे दिवस तेवढे गाळायचे! ज्याला पुढे युरोपात जाऊन खेळायचे आहे त्याने तेथल्या हंगामाप्रमाणे वर्ष आखावे. तसे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजता येतील. बाकीच्या शेकडो मुलांनी ज्येष्ठ-आषाढाला ज्येष्ठ-आषाढच समजावे.

येथे कोणी मला अडवील, की ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळात पोनमुडीला आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. अशा स्पर्धेची तयारी पावसाळ्यात करायची नाही तर केव्हा? अवश्य करावी. मी तयारीच्या विरुद्ध नाही, शर्यतीच्या विरुद्ध आहे. उन्हाळ्याच्या शेवटी विसावा घेऊन पावसाळाभर तयारी करणारा मुलगा ऑक्टोबरात ताजातवाना उभा राहील; जुलैत पदके गोळा करणारा उभा राहील तो उसन्या पायांवर.

आता दुसरा आक्षेप, आणि हा घेणारे अधिक वाचलेले असतात. ते म्हणतात, "मॅथ्यू व्हॅन डर पूल हिवाळ्यात शर्यती खेळतो, टॉम पिडकॉक खेळला. तुम्ही त्यांच्यापेक्षा शहाणे का?" युरोपात हिवाळ्यात सायक्लोक्रॉस नावाचा प्रकार चालतो. चिखलात, वाळूत, पायऱ्यांवर, मध्येच सायकल खांद्यावर घेऊन पळत, सुमारे तासभराची शर्यत. डोंगरी सायकलस्वारांना तिचा उपयोग होतो हे मला मान्य आहे. पिडकॉकने टोकियो आणि पॅरिस अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलचे सुवर्णपदक जिंकले, आणि तो सायक्लोक्रॉसचाही जगज्जेता होता. पण हे उदाहरण देणारे अर्धीच गोष्ट सांगतात. पिडकॉकने जानेवारी २०२२ मध्ये ते जगज्जेतेपद मिळवले आणि पुढच्या वर्षी ते राखण्यासाठी तो आलाच नाही. पुढचा मोसम त्याला महत्त्वाचा वाटला. जगज्जेत्याला 'या वर्षी नाही' म्हणता येते. आमच्या नववीतल्या मुलाला म्हणता येत नाही.

व्हॅन डर पूलची गोष्ट तर आणखी बोधप्रद आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात टोकियोला डोंगरी सायकलच्या शर्यतीत तो एका कड्यावरून वाईट पडला. त्यानंतर पाठीने त्याला सतावले. डिसेंबरअखेर त्याने सायक्लोक्रॉसच्या दोन शर्यती खेळून पाहिल्या, दुसरी अर्ध्यावर सोडली, आणि उरलेला हिवाळी मोसम बंद केला. जागतिक अजिंक्यपदालाही तो गेला नाही. मार्च २०२२ मध्ये मिलान-सान रेमो या शर्यतीत तो परतला तो तिसरा आला, आणि ३ एप्रिलला त्याने टूर ऑफ फ्लँडर्स जिंकली. विसाव्यानेच तो जिंकला असे मी म्हणत नाही, कारण त्याच्या अंगचे सामर्थ्य सर्वांना ठाऊक आहे. पण हिवाळा घरी काढल्याने तो हरला नाही, एवढे तरी कबूल करावे लागेल. हे दोघेही प्रौढ आहेत, पगारी आहेत, त्यांच्या दिमतीला वैद्य आणि अंगमर्दक आहेत. त्यांचे नाव सांगून पंधरा वर्षांच्या पोराला सातत्याने शर्यतीत उतरवणे म्हणजे हत्तीच्या ओझ्याचा दाखला देऊन शिंगरू लादणे होय. आणि टिकण्याचाच दाखला हवा असेल तर स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरचा घ्या. त्याचे पहिले वरिष्ठ जागतिक अजिंक्यपद २००९ सालचे आणि दहावे २०२२ सालचे. मध्ये तेरा वर्षे! आमच्याकडे तेराव्या वर्षी चमकलेला मुलगा एकोणिसाव्या वर्षी सायकल विकताना मी पाहिला आहे, एकदा नव्हे, पुष्कळदा.

लहान वयाच्या खेळाडूंबद्दल तर आता संदिग्धता उरलेली नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली दिलेल्या सल्ल्यात म्हटले आहे की मुलाला त्याच्या मुख्य खेळापासून वर्षातून एकूण निदान तीन महिने, एकेका महिन्याच्या टप्प्याने, सुट्टी असावी, आणि दर आठवड्याला एक-दोन दिवस वेगळे असावेत. ही सुट्टी खेळण्यापासून नव्हे, त्या एका खेळापासून आहे. त्या महिन्यांत मुलाने खो-खो खेळावा, पोहावे, झाडावर चढावे, आणि कंटाळा आला तर कंटाळाही करावा. पुष्कळदा कंटाळ्यातूनच सायकलची ओढ परत येते.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आमच्याकडे अजून कुजबुजत बोलली जाते, म्हणून मी ती मोठ्याने सांगतो. चढावर वजन जड होते, म्हणून मुलींना कमी जेवायला सांगणारे प्रशिक्षक आहेत. वर्षभर सराव, वर्षभर शर्यती आणि त्यात अर्धे पोट; मग मासिक पाळी अनियमित होते, थांबते, आणि काही ठिकाणी ते चांगल्या तयारीचे लक्षण मानले जाते! आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला नाव दिले आणि इशारा दिला: श्रमाच्या मानाने अन्न अपुरे पडले की केवळ पाळीच नव्हे, हाडे, रोगप्रतिकार, हृदय, मन, सगळे झिजते, आणि ते मुलांनाही चुकत नाही. सायकलवर शरीराचा भार सायकल वाहते, म्हणून या खेळाने हाडांना फारसे बळ मिळत नाही. तेव्हा ज्या मुलीची पाळी थांबली आहे तिला शर्यतीच्या रेषेवर उभे करणाऱ्याला मी प्रशिक्षक म्हणत नाही. तिला डॉक्टरकडे नेणे आणि पोटभर जेवू घालणे हाच तिचा सराव.

तिसरा शत्रू घरात शिरला आहे. पावसात बाहेर जाता येत नाही म्हणून घरात सायकल ट्रेनरवर बसवायची आणि समोरच्या पडद्यावर वॅटचे आकडे पाहत घाम गाळायचा. या यंत्राशी माझे वैर नाही; मोजून केलेला सराव उपयोगी असतो. परंतु मोजता येते म्हणून रोज परीक्षा घ्यायची, आणि कालच्यापेक्षा आज दोन आकडे कमी आले की रात्रीची झोप घालवायची, हे सरावाचे नव्हे, सावकारीचे लक्षण आहे. नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी जागतिक दर्जाच्या दमसासाच्या खेळाडूंचा सराव तपासला तेव्हा असे दिसले की त्यांची सुमारे ८० टक्के सत्रे सहज गप्पा मारता येतील अशा हलक्या गतीची असतात. आमच्या मुलांचे प्रमाण बरोबर उलटे असते, आणि ते त्यांना भूषणावह वाटते.

मग चातुर्मासात करायचे काय? माझ्याकडची मुले जे करतात ते सांगतो. शेवटची शर्यत झाली की पहिले दोन-तीन आठवडे सायकल भिंतीला. त्या काळात ती दुकानात ओव्हरहॉलिंगला टाकायची, किंवा त्याहून चांगले, स्वतः उघडायची: बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचे, साखळी मोजायची, सस्पेन्शनची सीले पाहायची. त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा जोर, बैठका, वजने. पाठीचा कणा आणि खांदे बळकट व्हावेत, हाडांवर भार यावा म्हणून. पायी डोंगर चढणे. मग हळूहळू लांब, संथ फेऱ्या, डांबरी रस्त्यावर, वाटा भिजलेल्या असतील तर. सपाट मैदानात विटा आणि फळ्या मांडून तोल, वळण, उडी यांचा सराव. घामाने नव्हे, लक्ष देऊन करण्याची ही कामे हंगामात कधी होत नाहीत. आणि एखाद्या रविवारी आपापसांत, आकडे न लावता, पदक न ठेवता, चिखलात लोळत एखादी गमतीची शर्यत लावली तर मी तिला विरोध करीत नाही. जिच्यात हरल्याचे घरी कोणाला सांगावे लागत नाही, ती शर्यत खेळच असते.

यासाठी पैसे लागत नाहीत, समिती लागत नाही. तीन गोष्टी लागतात. संयोजकांनी अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आषाढ ते भाद्रपद या काळात शर्यत भरवू नये. ज्यांच्या हाती सवलतीचे गुण आणि राखीव जागा आहेत त्यांनी, कोणत्या थोड्या स्पर्धा त्यासाठी धरल्या जातात याची यादी हंगामाच्या आरंभी, मराठीत, गावच्या शाळेपर्यंत पोहोचेल अशी प्रसिद्ध करावी. म्हणजे मुळशीच्या त्या बापाला प्रत्येक पदकामागे धावावे लागणार नाही. आणि प्रशिक्षकांनी वर्षअखेर शर्यतींची बेरीज सांगण्याऐवजी, पाच वर्षांपूर्वी आपल्याकडे आलेल्या मुलांपैकी आज किती जण सायकलवर आहेत, हा आकडा सांगावा. पालकहो, मुलाला कोणाच्या हाती सोपवायचे हे ठरवताना हा एकच प्रश्न विचारा. उत्तर देताना जो प्रशिक्षक पदकांच्या कपाटाकडे बोट दाखवील, त्याच्या दारातून मुलाला घेऊन परत या.